गिनी फाउल संध्याकाळी खुराड्यात परतत नाहीत? या चुका टाळा

संध्याकाळी गिनी फाउल (कोंबडीसारखे पाळीव पक्षी) झाडावर जाऊन बसले, तर दोष सहसा पक्ष्यांचा नसतो. त्यांना सोडण्यात घाई झालेली असते. कोंबडीला थोड्याच दिवसांत घर कळतं. गिनी फाउलला आठवडे लागतात.

मोठे पक्षी आणून लगेच मोकळे करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अनोळखी जागी दार उघडलं की थवा उडतो आणि परत येत नाही. मोठे पक्षी आणलेच, तर किमान सहा आठवडे कोंडून ठेवा आणि खुराड्याची एक बाजू जाळीची ठेवा, म्हणजे बाहेरचा परिसर त्यांच्या नजरेखालून जातो. त्यापेक्षा पिल्लांपासून सुरुवात करणं केव्हाही सोपं. खुडूक कोंबडीखाली अंडी उबवली (26 ते 28 दिवस), तर पिल्लं तिच्या मागोमाग आपणच खुराड्यात शिरायला शिकतात.

अख्खा थवा एकदम सोडणं

गिनी फाउलला थव्याशिवाय चैन पडत नाही. त्याचाच फायदा घ्यायचा. दुपारचं खाद्य बंद ठेवा आणि दिवस मावळायला तासभर उरला की फक्त एक-दोन पक्षी बाहेर काढा. आतले ओरडत राहतात, बाहेरचे जाळीलगतच घुटमळतात. अर्ध्या तासाने डब्यात दाणे खुळखुळवा आणि मूठभर बाजरी आत टाका. ते आत आले की दार बंद. दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी. आठवडाभराने अर्धा थवा सोडा. तो सलग काही दिवस वेळेवर परतला, तरच सगळे. बाजरी एरवी देऊ नका, नाहीतर तिचं अप्रूप राहत नाही. डब्याच्या आवाजाची सवय मात्र पिल्लं ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत) असल्यापासूनच लावायला हवी.

खुराडं अंधारं, दांड्या बुटक्या

अंधाऱ्या दारातून हे पक्षी आत जायला बिचकतात. सूर्य मावळण्याआधीच आत लहान दिवा लावा आणि सगळे दांड्यांवर बसले की विझवा. दांड्या जमिनीपासून चार फुटांच्या वर हव्यात; आत उंच जागा नसेल तर ते बाहेर शोधणारच. कुंपणाचं फाटकही सताड उघडं ठेवा. समोर जाळी आली की वळसा घालून यायचं त्यांना सुचत नाही, तिथेच येरझाऱ्या घालत आरडाओरडा करतात.

मागे धावणं, पाय धरून पकडणं

धावलात की थवा फुटतो. दोघांनी दोन बाजूंनी, हातात लांब काठ्या आडव्या धरून, सावकाश हाकत न्यावं. पाय धरून उचललं तर पाय निखळू शकतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा. पंख छाटायचाच तर एकाच बाजूचा, म्हणजे तोल जाऊन उंच उडता येत नाही. पण पिसं झडून नवी आली की पक्षी पुन्हा उडतो, आणि तोवर कुत्रं मागे लागलं तर त्याला झाडही गाठता येत नाही.

सकाळी लवकर सोडणं

विणीच्या काळात माद्या गवतात लपवून घरटं करतात, तिथेच खुडूक बसतात आणि रात्री शिकाऱ्याच्या तावडीत सापडतात. अंडी बहुधा दुपारपर्यंत घातली जातात, म्हणून त्या काळात थवा दुपारनंतरच सोडा. बाहेर घरटं सापडलंच, तर चार-पाच अंडी तिथेच राहू द्या; सगळी उचलली की मादी जागा बदलते. बाहेरच्या घरट्यात अंड्यांतून निघालेली पिल्लं आईमागे दवात भिजून गारठतात आणि मरतात, तेव्हा ती उचलून ब्रूडरमध्ये घ्या. पहिला आठवडा 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे घाला, नाहीतर पिल्लं बुडतात. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. खाद्यात प्रथिनं 24 ते 26 टक्के हवीत. कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य अपुरं पडतं.

इतकं करूनही एखादा पक्षी रोज झाडच गाठत असेल, तर त्याला दोन आठवडे पुन्हा कोंडा. सुटल्यावर त्याने तेच केलं तर तो थव्यात ठेवू नका. त्याच्या मागे बाकीचेही जायला लागतात.