'गॅस भरला' म्हणजे किती किलो?

कंपनीच्या हरितगृह वायूंचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा मी अकाउंट्समधून नुकतीच बदलून आले होते. वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, गाड्यांचं इंधन हे सगळं आठवड्याभरात जमलं. रेफ्रिजरंटचा, म्हणजे एसी आणि शीतयंत्रांत फिरणाऱ्या गॅसचा, रकाना तेवढा राहिला. देखभाल विभागाकडून सर्व्हिस रिपोर्टची फाईल मागवली. पहिल्या कागदावर होतं, 'गॅस भरला, कूलिंग ओके.' दुसऱ्यावर, 'गॅस चार्जिंग केले.' तिसऱ्यावर पुन्हा तेच. कोणता गॅस आणि किती किलो, हे अख्ख्या फाईलमध्ये एकाही कागदावर नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्याला मी आधी हेच सांगते: अडचण आकडेमोडीची नसते, त्या कागदाची असते.

एवढ्याशा गॅससाठी इतका आटापिटा कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग एक गुणाकार करून पाहिला. कोल्ड रूममध्ये वापरतात त्या आर-४०४ए या गॅसचा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमान वाढवतो तो आकडा) आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या चौथ्या अहवालाप्रमाणे ३,९२२ आहे. म्हणजे एक किलो गॅस हवेत गेला की ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. एका यंत्रात वर्षाला १२ किलो भरावा लागत असेल तर ४७ टन झाले. तेवढ्यासाठी साधारण साडेसतरा हजार लिटर डिझेल जाळावं लागेल. डिझेलच्या एकेका पावतीसाठी मी लोकांच्या मागे लागत होते, आणि इथे अख्खे सिलिंडर बिनहिशेबी जात होते.

आता मुद्द्याचं. गळती कोणी मोजत नाही, मोजायची असते भरती. टेक्निशियन म्हणतो, "मॅडम, गॅस संपला होता, भरला." पण हा गॅस इंधनासारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी बाहेर गेला. त्यामुळे यंत्र पुन्हा पूर्ण भरायला जेवढा लागला, तेवढाच मधल्या काळात हवेत गेला, असं धरायचं. 'दर वर्षी थोडा टॉप-अप लागतोच' हे वाक्य कानावर आलं की मी त्या यंत्राच्या नावापुढे खूण करते.

स्वतःचं भांडार असेल तर हा सरळ स्टॉकचा हिशेब आहे. वर्षाच्या सुरुवातीला सिलिंडरांत ४० किलो होता, ६५ किलो घेतला, १० किलो पुरवठादाराला परत केला, शेवटी ३५ किलो उरला. भांडारातून ६० किलो बाहेर पडला. त्याच वर्षी २२ किलो मावणारं नवं यंत्र बसलं आणि ८ किलोचं जुनं निघालं. म्हणजे १४ किलो यंत्रांच्या पोटात वाढला. उरलेला ४६ किलो हवेत गेला. प्रत्येक गॅसचा हिशेब वेगळा ठेवायचा, सगळे एकत्र करून चालत नाही. दोन ठिकाणी पाय घसरतो. नवं यंत्र कारखान्यातूनच गॅस भरून आलं असेल तर तो गॅस खरेदीतही धरा, नाहीतर उत्सर्जन असतं त्याहून कमी दिसतं. आणि जुन्या यंत्रातला गॅस काढून घेतला असेल तरच तो भांडारात जमा दाखवा. टेक्निशियनने व्हॉल्व्ह उघडून सोडून दिला असेल, तर हे सूत्र तो आपोआप उत्सर्जनात आणतं.

उरलेला साठा मोजताना मी प्रेशर गेजवर विसंबले होते. एका जुन्या टेक्निशियनने हसून सिलिंडर काट्यावर ठेवला. आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, त्यामुळे निम्मा सिलिंडर आणि भरलेला सिलिंडर गेजवर सारखेच दिसतात. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. ते वजा करायचं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर दोन रकाने आले: भरण्यापूर्वीचं वजन, भरल्यानंतरचं वजन.

बाहेरचा कंत्राटदार स्वतःचे सिलिंडर घेऊन येत असेल तर स्टॉकचा प्रश्नच नाही; त्याने भरलेले किलो बिलावर लिहून घ्या. किलो नसेल तर बिल पास नाही, एवढा एक नियम वर्षभराच्या ईमेलांपेक्षा जास्त काम करतो.

काहीच नोंदी नसतील तर नेमप्लेटवरची क्षमता घेऊन तिला आयपीसीसीचे ठरावीक गळतीदर लावतात. हे पट्टे फार रुंद आहेत: चिलरसाठी (पाणी थंड करणारी मोठी यंत्रं) वर्षाला २ ते १५ टक्के, मध्यम आणि मोठ्या व्यावसायिक शीतकरणासाठी १० ते ३५. कुठली यंत्रं महत्त्वाची आहेत एवढं कळायला ही पद्धत ठीक. पण तिच्यात अडकून राहू नका. सगळ्या गळत्या बुजवल्या तरी हा आकडा हलत नाही. तो हलतो फक्त यंत्र घेतलं किंवा काढलं की. शिवाय स्प्लिट एसीला पाइप लांब असला तर बसवताना जादा गॅस भरलेला असतो, आणि नेमप्लेटला त्याचा पत्ता नसतो.

पहिल्या वर्षी मी आर-२२ हा गॅस स्कोप १ मध्ये, म्हणजे कंपनीच्या थेट उत्सर्जनात, मिळवून टाकला आणि पडताळणीत फाईल परत आली. तो ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारात आलेला गॅस. जीएचजी प्रोटोकॉल या हिशेबाच्या नियमावलीप्रमाणे तो स्कोपच्या बाहेर, वेगळा दाखवतात. दुसऱ्या वर्षी आर-१३४एचं उत्सर्जन नऊ टक्क्यांनी घटलं म्हणून वरिष्ठ खूश झाले. किलो तेवढेच होते. मी चौथ्या अहवालाऐवजी पाचव्याचा तक्ता वापरला होता, १,४३० च्या जागी १,३००. सहाव्यात तोच आकडा १,५३० आहे, म्हणजे ती खुशी पुढे महागात पडली असती. कोणता अहवाल वापरला ते शीटवर लिहा, आणि बदललात तर मागची वर्षंही बदला.

यंत्रवार नोंद सुरू झाल्यावर दिसलं, की सहा भरत्यांपैकी चार एकाच यंत्राच्या आहेत. टेक्निशियनने जोडांवर साबणाचं पाणी फासलं. एका फ्लेअर नटभोवती (पाइपाचं पसरट केलेलं तोंड घट्ट धरणारा नट) बारीक बुडबुडे येऊ लागले, न थांबता. पाइपाचं तोंड नव्याने फ्लेअर करून जोड बसवला. पुढच्या वर्षी त्या यंत्राला गॅस लागलाच नाही. मी तो रकाना मोकळा सोडला होता, पडताळणीवाल्याने विचारलं, "नोंद नाही, की भरला नाही?" तेव्हापासून गॅस भरला नसेल तिथेही मी ० लिहिते.