चेन किती लांबली, हे कान सांगत नाही

आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ ट्रेड झाल्यावर मी आकुर्डीजवळच्या एका गॅरेजात शिकाऊ म्हणून लागलो. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर तिथे रोजच्याच. पुण्याच्या बजाज टेम्पोने डेमलर-बेंझच्या परवान्यावर बनवलेलं ओएम ६१६ इंजिन आमच्या मिस्त्रींच्या हातात बसलेलं होतं. त्यामुळे तेच इंजिन असलेली जुनी मर्सिडीज २४०डी कुणाकडे असली, की ती फिरून फिरून आमच्याच दारात यायची.

अशीच एक आली. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा, चालू झाल्यावर पांढरा धूर, पिकअप गेलेला. मालकाला कुणीतरी इंजिन खोलायला सांगितलं होतं. मी बॉनेटवर कान लावून टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून (पिस्टनना जोडलेला दांडा) व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या साखळीचा अंदाज घेतला आणि म्हणालो, ‘‘चेनचा आवाज तर नाही.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘लांबलेली चेन बोलतेच असं नाही बाळा. आधी टॅपेट बघ.’’ म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट तपास.

नवीन मुलांनी हा क्रम लक्षात ठेवावा. थंड इंजिन चालू करताना चार-दोन सेकंद खडखड झाली, तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) किंवा तिला वाट देणाऱ्या गाईड पट्टीचा संशय घ्यायचा. पण नुसती लांबलेली चेन कित्येकदा गप्प असते. शिवाय उशिरा चालू होणं आणि धूर ही लक्षणं घट्ट बसलेल्या टॅपेटची, जळलेल्या हीटर प्लगची (थंड इंजिन तापवणारा), डिझेल फवारणाऱ्या खराब नोझलची किंवा उतरलेल्या कॉम्प्रेशनचीही (सिलिंडरमधला हवेचा दाब) असू शकतात. म्हणून थंड इंजिनावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून इनटेक व्हॉल्व्हला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी गॅप ठेवायचा. टॅपेट कव्हर त्यासाठी उघडलेलंच असतं. चेन तिथल्या तिथे मोजून घ्यावी.

मोजणी सोपी आहे, पण घाई चालत नाही. हीटर प्लग काढून ठेवले की कॉम्प्रेशन निघून जातं आणि इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला २७ चा बॉक्स पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवायचं. कॅमच्या गिअरमागच्या वॉशरवर एक खूण असते, पहिल्या बेअरिंग टॉवरवर दुसरी. दोन्ही तंतोतंत जुळल्या की खाली पुलीवर काट्यासमोर किती अंश आलेत ते वाचायचं. चेन नवी असेल तर शून्याच्या आसपास येतं. लांबलेली असेल तर कॅम मागे राहतो, म्हणून तो जुळेपर्यंत क्रँक शून्याच्या पुढे गेलेला असतो. काट्यासमोर डोळा अगदी सरळ धरा, तिरकं पाहिलं तर एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो.

माझी चूक इथेच झाली. खूण थोडी पुढे गेली म्हणून मी पाना जरासा उलटा फिरवून जुळवली आणि वाचलं, २ अंश. चेन उत्तम आहे असं सांगून टाकलं. मिस्त्रींनी पाना हातातून घेतला, इंजिन सरळ दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवलं, खुणेजवळ येताच हात मंद केला. ७ अंश. उलटं फिरवलं की चेनमधला ढिलेपणा खेचणाऱ्या बाजूला सरकतो, क्रँक मागे येतो आणि कॅम जागेवरच राहतो, म्हणून आकडा खोटा येतो. पुढे गेलात तर पुन्हा दोन फेरे. दुसरा मार्ग नाही. त्या दिवसापासून मी तीन वेळा वाचल्याशिवाय आकडा वहीत लिहीत नाही.

७ अंशांवर काय करायचं, यावर मतं आहेत. ४, ६.५, ८ आणि १० अंशांच्या ऑफसेट वुड्रफ चाव्या, म्हणजे गिअर दांड्यावर किंचित सरकवून बसवणारे धातूचे तुकडे, मिळतात. त्या कॅमच्या गिअरखाली घातल्या की कॅमची वेळ सुधारते. पण झिजलेली चेन झिजलेलीच राहते. २-४ अंशांपर्यंत मी गाडी चालू देतो, त्यापुढे मात्र नवी चेनच सुचवतो. या इंजिनात चेन तुटली किंवा गिअरचा दात सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. त्या खर्चापुढे चेनचा खर्च काहीच नाही.

आम्ही जुन्या चेनची एक कडी तोडून नवी तिला जोडली आणि इंजिन फिरवत ओढून आत घेतली. दोन्ही टोकं शेवटपर्यंत ताणून धरायचं काम माझ्याकडे होतं. एक दात सुटला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. कडी रिव्हेट करून पुन्हा मोजलं, तर जेमतेम १ अंश.

हीच चेन नोझलना डिझेल पुरवणारा पंपही फिरवते, म्हणून पंपाची वेळही तपासावीच लागते. पंपावरच्या पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या जागी वाकडी नळी लावली आणि क्रँक अगदी हळू पुढे घेत राहिलो. धार बारीक होत होत थेंबांवर आली. सेकंदाला एक थेंब पडू लागला तेव्हा मिस्त्रींनी ‘‘थांब’’ म्हटलं. पुलीवर टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) आधी २४ अंश हवे होते, २२ आले. पंपाचे नट सैल करून तो केसभर इंजिनाकडे कलवला, पुन्हा दोन फेरे, पुन्हा थेंब. २४.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गार इंजिनावर, मिस्त्रींनी चावी माझ्या हातात दिली.