व्हीलचेअरवरचा रोबो-हात ऐकत नाही? आधी या चुका टाळा

हातापायांत जोर न उरलेल्या माणसाच्या व्हीलचेअरला रोबो-हात बसवला की तो चालवायचा कुणी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. सगळं माणसानेच करायचं म्हटलं तर घोटभर पाण्यासाठी घाम फुटतो, आणि सगळं यंत्रावर सोडलं तर ते भलतीच वस्तू उचलतं. म्हणून ताबा दोघांत वाटतात. घोळ बहुतेक वेळा या वाटणीत असतो, नाव मात्र ‘रोबो बिघडला’ असं पडतं.

सगळ्यात जास्त रडवतो तो मोड. किनोव्हा कंपनीच्या जाको या रोबो-हाताला सहा सांधे, शिवाय बोटं. जॉयस्टिक मात्र दोन-तीन दिशांचीच. त्यामुळे एका मोडमध्ये हात सरकतो, दुसऱ्यात मनगट फिरतं, तिसऱ्यात बोटं मिटतात. मनगट वळवायचंय म्हणून जॉयस्टिक डावीकडे ढकलावी, मोड बदललेलाच नसावा, आणि अख्खा हात सरकून ग्लास आडवा! अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २०१६च्या अभ्यासात धडधाकट लोकांचाही एक षष्ठांशाहून जास्त वेळ नुसता मोड बदलण्यात गेला होता. तेव्हा ‘सराव करा, जमेल’ म्हणून घरच्यांनी मागे लागू नये. कोणता मोड चालू आहे ते नजरेसमोर दिसेल असा दिवा किंवा वेगवेगळे आवाज लावून घ्या.

दुसरी चूक म्हणजे अंदाज चुकला तरी यंत्राला रेटू देणं. जॉयस्टिक कुठे कलते आहे यावरून यंत्र ताडतं की तुम्हाला काय हवंय, आणि तिकडे ओढ घेतं. टेबलावर चहाचा कप आणि पाण्याचा ग्लास खेटून ठेवलेत, तुम्हाला हवाय कप, त्याने गृहीत धरला ग्लास. तुम्ही उलट ढकलता, ते पुन्हा ओढतं, आणि हात मध्येच थरथरत राहतो. इथे मोटर तपासत बसू नका. वस्तू वीतभर लांब ठेवून पाहा. थरथर थांबली तर अंदाजाचीच भानगड. मग पुरेशी खात्री झाल्याशिवाय मदत सुरू होऊ नये, असं सेटिंग तंत्रज्ञाकडून करून घ्या. ‘हे नको’ म्हणायला एक वेगळं बटणही हवंच.

स्वयंचलितपणा जितका जास्त तितकं बरं, हा समज विशेषतः नातेवाइकांचा. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने मज्जारज्जूला इजा झालेल्यांबरोबर केलेल्या, २०१२मध्ये छापून आलेल्या अभ्यासात स्वयंचलित पद्धतीत कष्ट कमी पडले, तरी समाधान जास्त मिळालं ते स्वतः चालवण्यात. मदत किती हवी हे वापरणाऱ्यालाच ठरवू द्या. थकलेल्या संध्याकाळी तोच माणूस जास्त मदत मागेल, तेव्हा ती वाढवता आली पाहिजे.

खुर्ची टेबलाजवळ जाताना अडून बसते? अडथळा टाळणारा सेन्सर टेबलालाच अडथळा समजतोय. तेवढ्यापुरता तो बंद करता येतो का, ते विचारा.

घास भरवणाऱ्या रोबो-हातांबद्दल एवढंच, की प्रयोगशाळांतले बरेचसे काट्याने फळांचे तुकडे टोचायला शिकलेत. आमटी-भाताची आशा तूर्त धरू नका.

आणि आपत्कालीन बटण. ते खुर्चीच्या पाठीमागे, फक्त सांभाळणाऱ्याच्या हाताशी असेल तर जागा बदला. हनुवटीने किंवा डोक्याने दाबता येईल असं घ्या. सांध्यांना ब्रेक नसलेले काही हात वीज तुटताच लुळे होऊन खाली पडतात, म्हणून या बटणाने हात आहे तिथे थबकतो की वीजच जाते, हे रिकाम्या पकडीने, खाली उशी ठेवून आधीच तपासा. गरम चहा त्यानंतर.