झुडूप-गुलाबाचा पुढचा बहर

बागेत लावायचा झुडूप-गुलाब निवडायला लोक भर दुपारी जातात, फूल नाकाशी धरतात आणि ‘याला वासच नाही’ म्हणून पुढे सरकतात. वास घ्यायचा तो सकाळी, ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना, आणि फूल अर्धं-पाऊण उमललेलं असताना. पाकळ्यांतली सुगंधी द्रव्यं ऊन-वाऱ्याने उडून जातात. दोन दिवस उमललेल्या फुलावरून झाडाची परीक्षा करू नका.

दुसरी परीक्षा मात्र नाकाने होत नाही: झाड पुन्हा फुलतं का, ही ती परीक्षा. वासाला अव्वल असलेले कितीतरी जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलतात. नवे गुलाब घडवणारे इंग्रज डेव्हिड ऑस्टिन यांचा १९६१चा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ सुंदर, सुवासिक, पण बहर एकच. त्यांचाच १९८६चा ‘गर्ट्रूड जेकिल’ पुन्हा फुलतो. मला विचाराल तर उष्ण हवेसाठी ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ला तोड नाही. रुडॉल्फ गेश्विंड या वनाधिकाऱ्याने तयार केलेला हा गुलाब १८९७मध्ये बाजारात आला. गडद लाल रंग, मसालेदार वास, दीड-दोन मीटर उंची. फुलाची मान झुकते, म्हणून फुलदाणीत तो शोभत नाही. झाडावर तेच झुकणं छान दिसतं, कारण फूल आपल्याकडे बघत असतं. कडक थंडीच्या ठिकाणी रुगोसा जातीतला ‘रोझरे द लाय’ लावा. रुगोसाच्या पानांवर औषधं मात्र फवारू नका, ती करपतात.

पुन्हा फुलणं म्हणजे नेमकं काय, हे कळलं की पुढची कामं पाठ करावी लागत नाहीत. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात फुलोऱ्याला आवर घालणारं एक जनुक काम करत असतं. चिनी गुलाबांत ते बिघडलेलं आहे, म्हणून त्यांची जवळजवळ प्रत्येक नवी फूट टोकाला कळी घेऊनच येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे गुलाब युरोपात पोहोचले आणि तिथल्या गुलाबांशी त्यांचा संकर झाला. आजच्या बहुतेक बारमाही गुलाबांत तो गुण त्यांच्याकडून उतरला आहे. थोडक्यात, नवी फूट म्हणजे नवं फूल. आपलं काम फूट काढत राहायचं.

लावणीबद्दल फार पाल्हाळ नको. रोज किमान सहा तास ऊन हवं आणि त्यात सकाळचं असेल तर उत्तम, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं. दोन झुडपांत सव्वा-दीड मीटर अंतर ठेवा. खड्डा अर्धा मीटर खोल-रुंद. तो पाण्याने भरून बघा. पाणी तासन्‌तास तुंबून राहिलं तर जागा बदला किंवा वाफा उंच करा. मातीत कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, ताजं शेण नाही. जिथून जुना गुलाब उपटला तिथेच नवा लावू नका, तो खुरटतो. कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या खुंटावर गुलाब जोडलेली जागा, उष्ण हवेत मातीच्या किंचित वर राहू द्या. जमीन गोठते अशा ठिकाणी तो चार-पाच सेंटीमीटर खाली घ्या.

आता कात्रीकडे या. फुलाच्या पाकळ्या गळू लागल्या की देठ कापायचा, नाहीतर तिथे फळ धरतं आणि झाडाची ताकद बियांकडे जाते. कापायचं कुठे? फुलाच्या लगेच खालची पानं बहुधा तीन पर्णिकांची (पानातल्या छोट्या पानांची) असतात आणि तिथले डोळे, म्हणजे जिथून नवी फूट निघते ते उंचवटे, अशक्त असतात. खाली येत पाच पर्णिकांचं पहिलं धडधाकट पान शोधा. त्याच्या बगलेतला डोळा झुडपाच्या बाहेरच्या बाजूला बघत असेल, तर त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर काप द्या. फूट त्या डोळ्याच्या दिशेने जाते, त्यामुळे झुडूप आतून मोकळं राहतं. फुलं घोसाने येत असतील तर आधी कोमेजलेली तेवढी खुडा आणि घोस संपल्यावर फांदी कापा. पहिल्या वर्षाच्या लहान झाडाची मात्र नुसती फुलंच खुडा. त्याला पानांची गरज आपल्या शिस्तीपेक्षा जास्त असते.

अशा कापानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी पुढची फुलं येतात, हवेनुसार थोडं मागंपुढं. हा काळ महत्त्वाचा, आणि नेमकं तेव्हाच झाडाकडे कुणाचं लक्ष नसतं. बहर ओसरला की लगेच ओंजळ-दोन ओंजळी कंपोस्ट आळ्यात पसरून हलकं खुरपा आणि भरपूर पाणी द्या. युरियाचा मोह आवरा. त्याने लुसलुशीत पाला येतो आणि पाठोपाठ मावा ही कीड. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा मुरवून द्या, तेही बुंध्याशी. पान सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांचा रोग रुजतो, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी नको. ठिपके आलेली पानं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. वाळल्या पानांचं आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं दूर.

वर्षाच्या मोठ्या छाटणीत हात आवरता घ्यावा. लांब देठावर एकेक मोठं फूल देणारे हायब्रिड टी गुलाब गुडघ्यापर्यंत छाटतात, ते बघून लोक झुडपाचीही तशीच हजामत करतात. झुडूप फार तर एक तृतीयांश कमी करा. मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढा. प्रौढ झुडपाची एखादी सगळ्यांत जुनी, जाड, खरबरीत फांदी बुडाशी कापा, म्हणजे खालून नवा जोमदार कोंब येतो. वेळ म्हणाल तर थंडी सरताना, डोळे फुगू लागले की.

कलमाच्या सांध्याच्या खालून येणारी फूट मात्र वेगळी. ती खुंटाची असते, पानांचा आकार-रंग निराळा दिसतो आणि ती भराभर वाढते. ती कापू नका, बुडाशी माती उकरून मुळापासून ओढून तोडा. कापली तर तिथूनच चार येतात.

जिथे थंडीत दव गोठतं तिथे त्याच्या सहा-एक आठवडे आधी खत आणि कात्री दोन्ही थांबवा. कोवळी फूट थंडीत जळते. त्या शेवटच्या फुलांना फळं धरू द्या, म्हणजे नवी फूट थांबते.