जपानी फ्यूजन सुशी रेस्टॉरंटमध्ये जेवताना: मेनू कसा वाचावा, आधी काय मागवावे आणि कसे खावे

जपानी फ्यूजन सुशी रेस्टॉरंटच्या मेनूमध्ये दोन अगदी वेगळ्या वृत्तींचे पदार्थ शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि तिथले जेवण कितपत रंगेल हे बऱ्याच अंशी ते दोन प्रकार ओळखता येण्यावर अवलंबून असते. एका बाजूला निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर ठेवलेला माशाचा काप), साशिमी (कच्च्या माशाचे नुसते काप) आणि एकाच सारणाचे बारीक रोल असतात. त्यांत भात, मासा आणि चिमूटभर वसाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) यांपलीकडे फारसे काही नसते. दुसऱ्या बाजूला मेयोनेज, हालापेन्यो मिरची, क्रीम चीज, ट्रफल तेल किंवा तळलेले कुरकुरीत आवरण असलेले भरगच्च रोल असतात. पहिल्या प्रकाराची चव हळुवार असते आणि दुसऱ्याची ठसठशीत. तिखट मेयोनेजचा रोल आधी खाल्ला की त्यानंतर आलेल्या पांढऱ्या माशाच्या निगिरीची चव जिभेला जाणवतच नाही, आणि मग तो मासा बेचव असल्याचा समज होतो. म्हणून सुरुवात नेहमी साध्या पदार्थांनी करावी; पुढच्या बहुतेक सूचना या एकाच नियमातून निघतात.

या दोन बाजू एकत्र कशा आल्या ते थोडक्यात माहीत असले, तर मेनूतील पदार्थ ओळखणे सोपे जाते. हाताने दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवून देण्याची निगिरीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळली. तेव्हा तो रस्त्याकडेला उभ्या उभ्या खाण्याचा झटपट पदार्थ होता. फ्यूजनचा एक प्रवाह दक्षिण अमेरिकेतून आला. 1899 मध्ये जपानी स्थलांतरितांची पहिली मोठी तुकडी पेरू देशात पोहोचली आणि पुढच्या पिढ्यांनी जपानी पद्धतीने कापलेल्या माशाला तिथले लिंबू आणि मिरची यांची जोड दिली. या पाककलेला निक्केई म्हणतात. टोकियोत शिकलेले शेफ नोबू मात्सुहिसा 1973 मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे गेले आणि 1987 मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्स येथे स्वतःचे रेस्टॉरंट उघडले. यलोटेल माशाच्या पातळ कापांवर हालापेन्योची चकती, साशिमीवर ओतलेले कडकडीत तेल, मिसोमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) मुरवून भाजलेला ब्लॅक कॉड मासा हे आज जगभरच्या फ्यूजन मेनूंवर दिसणारे पदार्थ त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाले. दुसरा प्रवाह उत्तर अमेरिकेतला. खेकडा, अ‍ॅव्होकॅडो आणि काकडी यांचा, भात बाहेर आणि नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा) आत असलेला कॅलिफोर्निया रोल 1960 आणि 1970 च्या दशकांत तिथे रूढ झाला. त्याच्या जनकत्वावर लॉस एंजेलिस आणि व्हॅनकुव्हर या दोन्ही शहरांतून दावे केले जातात. अस्सल परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की सॅमनची निगिरीदेखील जुनी नाही: पॅसिफिक महासागरातील सॅमनमध्ये परजीवी असण्याची भीती असल्याने जपानमध्ये तो कच्चा खाल्ला जात नसे, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतील सॅमनचा तिथे चिकाटीने प्रसार केल्यानंतरच तो सुशीत आला.

जागा राखून ठेवताना काउंटर हवा की टेबल, हे आधीच सांगावे. दोघे जण असतील तर काउंटर उत्तम, कारण निगिरी तयार झाल्याबरोबर हातात येते आणि आज कोणता मासा चांगला आहे हे थेट शेफला विचारता येते. चारपेक्षा अधिक माणसे असतील तर टेबलच बरे. काउंटरवर एका रांगेत बसलेल्या सहा जणांना एकमेकांशी बोलता येत नाही. शेफच्या निवडीनुसार एकामागून एक पदार्थ देणारे ओमाकासे जेवण निवडले असेल, तर वेळेवर पोहोचावे, कारण भात त्या वेळेच्या हिशेबाने शिजवलेला आणि निववलेला असतो. उग्र अत्तर लावून जाऊ नये. माशाचा आणि व्हिनेगरचा सौम्य गंध हा त्या जेवणाचाच भाग असतो आणि शेजारच्या ग्राहकालाही तो मिळायला हवा.

मेनूचा उलगडा

रोलांचे मूळ प्रकार थोडेच आहेत. होसोमाकी म्हणजे एकाच सारणाचा बारीक रोल, फुतोमाकी म्हणजे अनेक सारणांचा जाड रोल, उरामाकी म्हणजे भात बाहेरच्या बाजूला असलेला रोल आणि तेमाकी म्हणजे नोरीचा हाताने वळलेला शंकू. गुंकान हा निगिरीचाच भाऊ: भाताभोवती नोरीची उभी पट्टी गुंडाळून वर माशाची अंडी किंवा तत्सम सैल घटक ठेवलेले असतात. फ्यूजन मेनूतील आकर्षक नावांचे रोल जवळजवळ सगळे उरामाकी प्रकारात मोडतात. ड्रॅगन रोलमध्ये सहसा आत ईल (सापासारखा लांबट मासा) आणि काकडी व वर अ‍ॅव्होकॅडोचे काप असतात. रेनबो रोल म्हणजे कॅलिफोर्निया रोलवर निरनिराळ्या माशांचे पट्टे. स्पायडर रोलमध्ये तळलेला मऊ कवचाचा खेकडा. फिलाडेल्फिया रोलमध्ये सॅमन आणि क्रीम चीज. ज्या रोलच्या नावाखाली घटक लिहिलेले नसतील, त्याबद्दल वेटरला विचारण्यात संकोच बाळगू नये.

तीन शब्दांपाशी विशेष थांबावे. ‘टेम्पुरा’ असे लिहिलेले असेल तर सारण तळलेले आहे, संपूर्ण रोल तळलेला आहे की वरून केवळ तळलेल्या पिठाचा चुरा भुरभुरलेला आहे, हे विचारावे, कारण हे तिन्ही पदार्थ खाताना फार वेगळे लागतात. ‘क्रॅब’ असे लिहिलेले असेल आणि दर माफक असेल, तर बहुधा ती सुरिमी, म्हणजे पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून बनवलेली कांडी असते. ती वाईट नसते, पण खेकड्याच्या अपेक्षेने मागवू नये. ‘व्हाइट ट्यूना’ या नावाखाली काही ठिकाणी एस्कोलार हा मासा दिला जातो. त्यातील मेणासारखे तेल माणसाला पचत नाही, त्यामुळे काहींचे पोट चांगलेच बिघडते आणि जपानमध्ये त्या माशाच्या विक्रीवर बंदी आहे. तो अल्बाकोर ट्यूना आहे ना, एवढे विचारून खात्री करावी. दराच्या जागी ‘बाजारभाव’ असे लिहिलेल्या पदार्थाचा आकडा मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावा. हा प्रश्न अशा ठिकाणी अगदी नेहमीचा आहे.

मागवण्याचा क्रम

सगळे एकदम मागवू नये. असे केल्यास गरम पदार्थ निवतात, नोरी मऊ पडते आणि टेबलावर जागाही उरत नाही. दोन फेऱ्यांत मागवावे. पहिल्या फेरीत साशिमी किंवा चार-सहा निगिरी घ्याव्यात: आधी पांढरे मासे, मग लाल ट्यूना, त्यानंतर सॅमन आणि ट्यूनाचा चरबीदार भाग, आणि शेवटी गोडसर सॉस लावलेला ईल. यलोटेल-हालापेन्योसारखी आंबट-तिखट थंड थाळी या फेरीच्या शेवटी आणि रोलांच्या आधी मागवावी. दुसऱ्या फेरीत एखादा गरम पदार्थ आणि भरगच्च रोल घ्यावेत. एका रोलचे साधारणपणे सहा ते आठ तुकडे होतात, त्यामुळे दोघांना दोन रोल पुरतात. तिसरा मागवण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे, कारण पोट भरल्याची जाणीव थोडी उशिरा होते. दोन्ही रोल तिखट मेयोनेजचे असू नयेत. अशा मेनूत सहा रोलांना एकच सॉस वेगवेगळ्या नावांनी लावलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि ट्रफल तेलाबद्दल तर माझे मत असे की ते ज्या माशावर घालतात त्या माशाची चव पुन्हा हाती लागत नाही.

पहिली निगिरी खाताना माशाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष भाताकडे द्यावे. सुशीचा आधार व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भातच आहे आणि स्वयंपाकघराची खरी परीक्षाही तिथेच होते. चांगला भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो, उचलताना एकसंध राहतो आणि तोंडात गेल्यावर दाणा-दाणा सुटा होतो. भात थंड आणि टणक लागला तर तो फ्रिजमध्ये राहिलेला आहे. लगद्यासारखा लागला तर तो अधिक दाबलेला किंवा अधिक शिजलेला आहे. असे आढळल्यास दुसऱ्या फेरीत निगिरीचा नाद सोडून तळलेल्या आणि भाजलेल्या पदार्थांकडे वळावे, कारण तिथे सॉस आणि कुरकुरीतपणा बऱ्याच उणिवा झाकून घेतात.

खाण्याची रीत

निगिरी हाताने खाल्लेली चालते. जपानमध्येही अनेक जण तशीच खातात. साशिमी मात्र चॉपस्टिक्सनेच खावी. निगिरी किंचित आडवी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवावी आणि संपूर्ण तुकडा एका घासात घ्यावा. भाताची बाजू सॉसमध्ये बुडवली तर भात सॉस शोषून घेतो, विस्कटतो आणि बशीत शितांचा खच पडतो. शेफने आधीच सॉसचा हात फिरवलेला असेल, किंवा वर लिंबू-मीठ अथवा पोंझू (लिंबूवर्गीय फळांच्या रसाचा आंबट सॉस) घातलेला असेल, तर सोया सॉस मुळीच लावू नये. हाच नियम फ्यूजन रोलांना अधिक कठोरपणे लागू होतो: ज्या रोलवर ईल सॉसच्या रेघा आणि मेयोनेजचे ठिपके आहेत, त्याला वरून सोया सॉसची गरज नसते.

निगिरीत भात आणि मासा यांच्यामध्ये वसाबी बहुतेकदा आधीच लावलेली असते, त्यामुळे चव घेतल्याशिवाय आणखी लावू नये. सोया सॉसमध्ये वसाबीचा मोठा गोळा कालवून हिरवट चिखल करण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने प्रत्येक माशाची चव सारखीच होते. साशिमीच्या कापावर टोकाने थोडी वसाबी ठेवून मग सॉस टेकवला तर दोन्हींचा स्वाद वेगवेगळा कळतो. बहुतेक रेस्टॉरंटमधील वसाबी ही हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांपासून बनवलेली असते. खऱ्या वसाबीचे कंद महाग असतात आणि किसल्यावर तिचा झणका थोड्याच वेळात उडून जातो, म्हणून ती समोर किसून मिळाली तर लगेच वापरावी. लोणच्यासारखे मुरवलेले आले दोन वेगवेगळ्या माशांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते. ते निगिरीवर ठेवून खाऊ नये. तेमाकी हातात येताच खावी, कारण काही मिनिटांतच नोरी चामट होते.

चॉपस्टिक्सच्या बाबतीत तीन गोष्टी टाळाव्यात: त्या भातात उभ्या खोचू नयेत, एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये पदार्थ देऊ नये आणि त्या एकमेकींवर घासू नयेत. पहिल्या दोन कृती जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत आणि तिसरीतून त्या निकृष्ट असल्याचे सुचवले जाते. रोल मोठा असून एका घासात मावत नसेल, तर तो बशीत ठेवून दोन घासांत खाण्यात काही गैर नाही. ज्या रोलचा तुकडा कोणाच्याच तोंडात मावत नाही, तो बनवणाऱ्याचाच दोष मानावा.

शाकाहार, अ‍ॅलर्जी आणि कच्चा मासा

शाकाहारी व्यक्तीने केवळ मासा दिसत नाही एवढ्यावर विसंबू नये. मिसो सूपचा आणि अनेक सॉसचा पाया असलेला दाशी हा अर्क सहसा वाळवलेल्या बोनितो माशापासून काढतात. टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी आणि कांप्यो रोलमधील दुधीच्या पट्ट्याही पुष्कळदा त्याच अर्कात शिजवलेल्या असतात. अगेदाशी टोफूतील (तळून रसात दिलेल्या टोफूतील) रसातही तोच दाशी असतो. उरामाकीवर नारिंगी दाणे दिसले तर ती माशाची अंडी असतात. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असे मोघम न विचारता ‘यात बोनितोचा दाशी आहे का, कोंबू शेवाळाचा दाशी मिळेल का’ असे नेमके विचारावे. काकडीचा, अ‍ॅव्होकॅडोचा किंवा मुळ्याच्या लोणच्याचा बारीक रोल तुलनेने निर्धोक असतो. सोया सॉस सोयाबीन आणि गहू यांपासून बनतो, सुरिमीत अनेकदा गहू आणि अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायचे गोडसर तांदळाचे मद्य) व साके (तांदळाचे जपानी मद्य) यांमुळे बऱ्याच सॉसमध्ये मद्यांश असतो. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी जागा राखतानाच तसे कळवावे. तळण्याची कढई कोळंबीसाठी आणि भाज्यांसाठी एकच आहे का, हेही विचारावे.

कच्चा मासा जितका ताजा तितका सुरक्षित, हा समज अपुरा आहे. अ‍ॅनिसाकिससारखे परजीवी मारण्यासाठी मासा गोठवावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास. गोठवल्याने परजीवी मरतात, पण सगळे जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे नंतरची थंड साठवण आणि स्वच्छताही तितकीच महत्त्वाची ठरते. माशाला उग्र वास येत असेल किंवा काप चिकट लागत असेल तर तो परत पाठवावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कच्चा मासा टाळून शिजवलेला ईल, कोळंबी, तामागो (अंड्याचे गोडसर ऑम्लेट) किंवा भाज्यांचे रोल निवडावेत. अशा पदार्थांची फ्यूजन मेनूत मुळीच वाण नसते.

पेयांबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. गरम ग्रीन टी तेलकटपणा कापतो आणि सगळ्यांबरोबर जातो. साके घ्यायची असल्यास तिच्यात मद्यांश सुमारे 15 टक्के असतो हे लक्षात ठेवावे आणि आपला पेला स्वतः भरण्याऐवजी एकमेकांचे पेले भरावेत.

उरलेल्या पदार्थांपैकी कच्च्या माशाचे काहीही बांधून नेऊ नये. तो शीतपेटीबाहेर किती वेळ राहिला आहे याचा हिशेब घरी पोहोचेपर्यंत कोणीच ठेवत नाही. शिजवलेल्या सारणाचे किंवा भाज्यांचे रोल न्यायला हरकत नाही, परंतु ते त्याच रात्री संपवावेत, कारण फ्रिजमध्ये भात कडक होतो आणि तो पुन्हा गरम केला तर आतल्या काकडी-अ‍ॅव्होकॅडोची रया जाते.