ऑल्ट-टॅब वेगळाच वागतोय? जुना परत कसा आणायचा

ज्यांनी एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जायला वर्षानुवर्षं ऑल्ट-टॅब वापरलाय त्यांना आपण तो दाबतोय हे जाणवतही नाही, डोळे कागदावर असतात आणि बोटं आपली चालत असतात. मग एखाद्या अपडेटनंतर किंवा नवीन सिस्टीम टाकल्यावर तो वेगळा वागायला लागला की माणूस पार अडखळतो आणि वर कोणीतरी सांगतं की होईल हो सवय. माझं म्हणणं असंय की इतक्या वर्षांची सवय कशाला मोडायची, सेटिंग बदला, पाच मिनिटांचं काम आहे.

आधी नक्की काय बदललं ते बघू. जुन्या पद्धतीत प्रत्येक विंडो वेगळी धरली जायची आणि शेवटची वापरलेली सगळ्यात पुढे, म्हणजे एकदा दाबलं की मागच्या विंडोत, परत दाबलं की इकडे. लिनक्सवर एप्रिल 2011 मध्ये नोम 3 आलं (नोम म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप, विंडो आणि मेनू दिसतात तो भाग) आणि त्यात ऑल्ट-टॅब विंडोऐवजी अ‍ॅप बदलायला लागला. समजा लिब्रेऑफिसच्या दोन शीट उघड्या आहेत, एकात बँकेच्या नोंदी, दुसऱ्यात तुमचा हिशोब, आणि मागे ब्राउझर. रक्कम कॉपी केली, ऑल्ट-टॅब मारला, तर दुसरी शीट येतच नाही, ब्राउझर येतो, कारण दोन्ही शीट मिळून एकच अ‍ॅप. न बघता कंट्रोल-व्ही दाबलं की रक्कम भलतीकडेच पेस्ट. दिवसभर एंट्री मारणाऱ्या माणसाला हे किती जाचतं ते त्यालाच विचारा.

नोममध्ये असं करा: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, तिथे शॉर्टकट बघायचा आणि बदलायचा पर्याय आहे, त्यात नॅव्हिगेशन. 'स्विच विंडोज' शोधा, त्यावर क्लिक करा आणि ऑल्ट-टॅब दाबा. हा शॉर्टकट 'स्विच अ‍ॅप्लिकेशन्स'ला दिलेला आहे असं तो सांगेल, बिनधास्त रिप्लेस करा. झालं, प्रत्येक विंडो परत वेगळी दिसेल.

आता यात एक मेख आहे आणि बरेच जण इथेच वैतागून सगळं सोडून देतात. विंडोवाला स्विचर मुळात फक्त चालू वर्कस्पेसमधल्याच (म्हणजे समोर असलेल्या डेस्कटॉपच्या पानावरच्याच) विंडो दाखवतो, त्यामुळे दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये ठेवलेली विंडो गायब झाल्यासारखी वाटते. ती पण यादीत हवी असेल तर डीकॉन्फ एडिटर (नोमच्या आतल्या सेटिंग बदलायचं अ‍ॅप) टाका, ऑर्ग, नोम, शेल, विंडो-स्विचर असं आत आत जा आणि 'करंट-वर्कस्पेस-ओन्ली' बंद करा. सेटिंग्जच्या मल्टिटास्किंगमध्ये असंच दिसणारं एक बटण आहे पण ते अ‍ॅपवाल्या स्विचरसाठी, त्याच्या नादी लागू नका.

नोमवाला ऑफिसचा कॉम्प्युटर असेल आणि सेटिंगला हात लावायची परवानगी नसेल तर ऑल्ट धरून टॅबच्या वरची की दाबा, त्याच अ‍ॅपच्या विंडोंमध्ये फिरता येतं. मॅकवर पण तसंच, फक्त ऑल्टच्या जागी कमांड.

विंडोजवाल्यांचा त्रास वेगळा. विंडोज 10 च्या ऑक्टोबर 2020 च्या अपडेटपासून एज ब्राउझरचे टॅबही ऑल्ट-टॅबच्या यादीत घुसायला लागले, म्हणजे चार विंडो उघड्या आणि यादीत नऊ चौकोन. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग इथे जाऊन ऑल्ट-टॅबच्या खाली 'ओपन विंडोज ओन्ली' निवडा, विंडोज 11 मध्ये टॅब न दाखवण्याचा पर्याय घ्या.

फायरफॉक्समध्ये कंट्रोल-टॅब ओळीने न जाता उड्या मारत असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली 'रिसेंटली यूज्ड ऑर्डर'ची टिक काढा.

आणि हे घरातल्या मोठ्यांसाठी किंवा ऑफिसातल्या जुन्या माणसासाठी करत असाल तर कृपया आधी त्यांच्या शेजारी बसून ते कुठली की कशासाठी दाबतात ते बघा. मराठी-इंग्रजी बदलायला ते ऑल्ट-शिफ्ट वापरत असतील तर ते पण नवीन सिस्टीमवर वेगळं असू शकतं, नोममध्ये सुपर-स्पेस असतं (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की). दोन्ही एकदमच लावून द्या, नाहीतर विंडो बरोबर येईल आणि टाइप मात्र इंग्रजीतच होत राहील.