घराभोवतीच्या बागेसाठी झुडपे, जमीन झाकणारी झाडे आणि कंद कसे निवडावेत

जून-जुलैत नर्सरीत गेल्यास सगळीच झाडे चांगली दिसतात. हवा दमट असते, डोक्यावर हिरवी जाळी असते आणि पिशवीतली माती कधी सुकत नाही. त्यामुळे समोरचे फुललेले रोप आपल्या अंगणात पुढचा एप्रिल काढील की नाही, हे तिथे उभे राहून कळत नाही. शोभेच्या झाडांची निवड म्हणून फुलाच्या रंगापासून सुरू करू नये, ती जागेपासून सुरू करावी. पुढील माहिती मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक अशा देशावरच्या गावांतील घराला लागून असलेल्या दहा-पंधरा फूट रुंदीच्या पट्ट्यासाठी आहे. कोकण आणि विदर्भात जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

जागेची पहिली गोष्ट म्हणजे ऊन, आणि ते वर्षभर सारखे नसते. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. हिवाळ्यात मात्र तो दक्षिणेकडून जातो आणि घराची सावली उत्तरेच्या बाजूला लांबवर पडते. याचा अर्थ असा, की उत्तरेच्या भिंतीलगतची जागा डिसेंबरात पूर्ण सावलीत असते आणि मेच्या अखेरीस तिथेच कडक ऊन उतरते. ‘सावलीची जागा’ म्हणून तिथे लावलेले नाजूक पानांचे झाड नेमके त्या पंधरवड्यात करपते. पूर्वेचे सकाळचे ऊन जवळजवळ सर्वच झुडपांना मानवते. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून तिथे बोगनवेल, कण्हेर किंवा शंकासुर यांसारखी सोशिक झाडेच द्यावीत. विदर्भात, जिथे पारा ४५ अंशांना टेकतो, हा नियम जरा अधिक कडकपणे पाळावा.

दुसरी गोष्ट माती. नव्या बांधकामाभोवती बहुतेक वेळा माती नसतेच; मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा यांचा भराव असतो आणि त्यावर वीतभर लाल माती पसरलेली असते. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. पाणी काही तासांत जिरले तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही ते उभे असेल, तर त्या जागी कंद कुजतील आणि बहुतेक झुडपांची मुळे ऑगस्टात गुदमरतील. अशा ठिकाणी वाफा आठ-दहा इंच उंच करावा, किंवा तिथे कर्दळ आणि सोनटक्का लावून मोकळे व्हावे. या दोघांना ओल चालते, सोनटक्क्याला तर ती हवीच असते.

मातीइतकेच पाणी महत्त्वाचे आहे, आणि ते लोक विसरतात. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचे पाणीही बहुधा जड असते. अशा मातीतून झाडाला लोह घेता येत नाही. अनंत आणि एक्झोरा ही दोन झाडे याचा फटका सर्वांत आधी दाखवतात: कोवळे पान पिवळे पडते, पण त्यातल्या शिरा हिरव्या राहतात, जणू कोणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळी काढली आहे. जुनी खालची पाने पिवळी पडत असतील तर कारण वेगळे, बहुधा नत्राची कमतरता. नवी पाने अशी जाळीदार पिवळी असतील तर लोहाची. पहिल्याला शेणखत पुरते, दुसऱ्याला चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करून तात्पुरता उतार पडतो, पण पाणी तेच राहिले तर तक्रार परत येते. कोकणातल्या जांभ्या मातीत आणि पावसाच्या पाण्यावर हीच झाडे विनासायास फुलतात. म्हणून बोअरवर अवलंबून असलेल्या घरात अनंताचा हट्ट असेल, तर तो मोठ्या कुंडीत, पालापाचोळ्याच्या खतात आणि शक्यतो साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यावर वाढवावा. जमिनीत त्याच्या जागी तगर लावावी.

तगरीला कमी लेखण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. अर्ध्या सावलीत, साध्या मातीत, फारशी निगा न राखता जवळजवळ बारा महिने पांढरी फुले देणारे दुसरे झुडूप सहज सापडत नाही. एकेरी तगर सहा-आठ फूट जाते, डबल तगरीच्या फुलांना रात्री मंद सुवास येतो, आणि बुटकी तगर वाफ्याच्या कडेला दोन फुटांवर राखता येते. पावसाळ्यात एखाद्या फांदीची पाने एका रात्रीत गायब झाली, तर बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधावी. तिच्या मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात. ती हॉक मॉथ या पतंगाची अळी असून कण्हेरीवरही येते. ती उचलून दूर ठेवली की पुरते, औषध मारण्याचे कारण नाही.

झुडपे निवडताना त्यांची पूर्ण वाढलेली रुंदी विचारात घ्यावी, उंची नव्हे. उंची कात्रीने आवरता येते. चार फूट पसरणारे झाड दोन फुटांच्या पट्ट्यात लावले, तर ते आयुष्यभर छाटावे लागते आणि फुले छाटणीत जातात. कुंती, जिला कामिनी असेही म्हणतात, याचे चांगले उदाहरण आहे: मोकळी वाढू दिली तर चांगल्या पावसानंतर सारे झाड एकदम पांढरे होते आणि वास फाटकापर्यंत येतो, कुंपणासारखी चौकोनी कापली तर नुसती हिरवी भिंत उरते. भिंतच हवी असेल तर कोयनेल किंवा अडुळसा लावावा, ते काम ती झाडे स्वस्तात करतात. जास्वंदीत देशी लाल एकेरी जात सर्वांत काटक. मोठ्या रंगीत फुलांच्या कलमी संकरित जाती देखण्या असल्या, तरी त्यांच्यावर पिठ्या ढेकूण लवकर बसतो आणि मुळाशी पाणी साचलेले त्यांना खपत नाही. कलमी झाड घेतल्यास जोडाखालून फुटणारे धुमारे काढत राहावे, नाहीतर दोन वर्षांत खालची देशी जास्वंदच उरते. रातराणी झोपण्याच्या खोलीच्या खिडकीशी लावू नये. तिचा वास दुरून गोड वाटतो, जवळून अनेकांचे डोके उठवतो. बोगनवेलीला पाणी जितके अधिक तितकी पाने अधिक. फुलांसाठी तिला थोडे तहानलेले ठेवावे लागते.

घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असतील, तर कण्हेर, पिवळी बिट्टी आणि कळलावी ही झाडे विषारी आहेत हे लक्षात ठेवून त्यांची जागा ठरवावी. कळलावीचा कंद सर्वांत घातक. तो रताळ्यासारखा समजून कोणी उचलणार नाही अशा ठिकाणीच लावावा, अथवा लावूच नये. घाणेरीबद्दल मात्र कोणतीही सवलत नाही. नर्सरीत ती ‘लँटाना’ या नावाने नटूनथटून उभी असते, पण पक्षी तिची फळे खातात आणि बिया डोंगरावर नेतात; सह्याद्रीत तिने काय केले आहे ते कोणत्याही घाटात गाडी थांबवून पाहता येते.

खरेदीचा योग्य काळ म्हणजे पहिला चांगला पाऊस पडून गेल्यानंतरचे तीन-चार आठवडे. उरुळी कांचनसारख्या ठिकाणी एकाच रस्त्यावर कितीतरी नर्सऱ्या असल्याने तुलना करता येते. रोप निवडताना बुंध्याजवळून फांद्या फुटलेले, तजेलदार आणि शक्यतो अजून न फुललेले निवडावे. उंच, एकाच काडीचे रोप स्वस्त दिसले तरी घेऊ नये. पिशवीच्या तळाची भोके पाहावीत: मुळे बाहेर येऊन जमिनीत रुतलेली असतील, तर ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिले आहे आणि आत मुळांचा वेढा बसला आहे. असेच रोप घ्यावे लागले, तर लावताना तो वेढा बोटांनी मोकळा करावा. मोठ्या पिशवीतले महागडे झाड लवकर मोठे होईल हा समजही फारसा खरा नाही. लहान रोप जमिनीत लवकर रुजते आणि दोन पावसाळ्यांत बरेचदा त्याची बरोबरी करते. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावा, त्यात निम्मी माती, बाकी कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. खत कुजलेले नसेल तर हुमणीची अळी त्यातूनच येते.

जमीन झाकणाऱ्या झाडांचा हेतू शोभेपेक्षा मोठा आहे: ती उन्हाळ्यात ओल धरतात, पावसाचा मारा अडवतात आणि तणाला जागा ठेवत नाहीत. सावलीत हिरवळ कधीच नीट होत नाही, तिथे मोंडो ग्रास, स्पायडर प्लांट किंवा हेमिग्राफिस लावावे. उन्हात जांभळ्या पानांची सेटक्रेशिया अतिशय चिवट. सावलीत तिचा जांभळा रंग हिरवट पडतो. नळाखालच्या सदा ओल्या जागेला ब्राह्मी. चिनी गुलाब उन्हाळ्यात सुरेख फुलतो, पण मुसळधार पावसात सडतो, म्हणून त्याच्या काड्या पावसाआधी एका कुंडीत आडोशाला काढून ठेवाव्यात. पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग ऊन आणि थोडी सावली दोन्ही सोसतो. रोपे किती लागतील याचा अंदाज साधा आहे: दहा चौरस फुटांना नऊ इंच अंतराने सुमारे १८ आणि सहा इंच अंतराने ४० रोपे. अंतर कमी ठेवले तर पावसाळ्यातच जमीन झाकते, पण खर्च दुपटीहून अधिक होतो. मुळे फुटलेल्या काड्या शेजाऱ्यांकडून मिळत असतील तर हा प्रश्नच उरत नाही. वेडेलिया ही पिवळ्या फुलांची पसरणारी वनस्पती मात्र फुकट मिळाली तरी नको. प्रत्येक पेऱ्यावर मुळे सोडत ती वाफा, पायवाट आणि पलीकडचा ओढा सगळेच व्यापते, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत घाणेरीबरोबर तिचेही नाव आहे.

कंदांच्या बाबतीत निवडीचा एकच मोठा प्रश्न असतो: त्या कंदाची विश्रांती आपल्या कोणत्या ऋतूत बसते. ट्युलिप, हायसिंथ आणि डॅफोडिल यांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे सलग थंडी लागते. श्रीनगरला ती मिळते. पुण्यात फ्रीजमध्ये ठेवून एखादा हंगाम साधता येतो, पण कंद पुढल्या वर्षी बहुधा फुलत नाही. आकर्षक चित्रे पाहून मागवलेल्या पाकिटांवर त्यामुळे पैसे घालवू नयेत. याउलट, कोरड्या महिन्यांत झोपून पावसाबरोबर जागे होणारे कंद आपल्या हवामानात सहज बसतात.

त्यांतला सर्वांत सोपा रेन लिलीचा. दोन इंच खोल, दाटीने लावावा. गुलाबी रेन लिली वळवाच्या सरीनंतर तीन-चार दिवसांत फुलते, पांढरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात. नळाचे पाणी कितीही घातले तरी हा परिणाम तितकासा येत नाही. मे फ्लॉवरचा लाल चेंडू मे-जूनच्या सुमारास उघड्या मातीतून वर येतो, पाने मागाहून येतात आणि हिवाळ्यात पूर्ण वाळून जातात. अशा कंदाच्या जागी काडी रोवून खूण ठेवावी, कारण जानेवारीत माळी तिथेच कुदळ मारतो. ॲमरिलिसच्या कंदाचा वरचा भाग मातीबाहेर ठेवावा. तो पूर्ण पुरल्यास पाने येतात, फुले रुसतात. पावसाळ्यात ॲमरिलिस आणि स्पायडर लिलीच्या पानांवर काळ्या अंगावर पांढरट-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने येतात आणि पान खात खात कंदापर्यंत उतरतात. सकाळी पानाची मागची बाजू पाहून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. एका पावसाळ्यात दुर्लक्ष झाले तर कंद पोकळ होतो.

निशिगंधाला दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळणार नसेल, तर तो लावू नये. सावलीत नुसते गवत वाढते. वासासाठी एकेरी जात घ्यावी, ‘प्रज्वल’ किंवा ‘शृंगार’. फुलदाणीसाठी डबल फुलांची ‘सुवासिनी’ किंवा ‘वैभव’. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे टणक कंद निवडून लावावेत. तीन वर्षांनी गड्डे दाटतात आणि दांडे कमी होतात, तेव्हा ते उकरून, मोठे कंद निवडून नव्या जागी लावावेत. ग्लॅडिओलस सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावा, त्याला काठीचा आधार लागतो आणि हंगाम संपल्यावर कंद काढून कोरड्या जागी ठेवावे लागतात. एवढी तयारी नसेल तर तो कुंडीतच बरा.

कंद आणि जमीन झाकणारी झाडे एकाच वाफ्यात लावायची असल्यास वरचे आच्छादन विरळ मुळांचे असावे. चिनी गुलाबाच्या किंवा सेटक्रेशियाच्या फटींतून रेन लिली सहज वर येते आणि तिची पिवळी पडत चाललेली पाने झाकलीही जातात. मोंडो ग्रासच्या घट्ट गादीतून ती येत नाही. रेन लिलीची पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत, त्यांची गाठ बांधू नये, कारण पुढल्या वर्षीचे फूल त्याच पानांच्या जोरावर कंदात तयार होत असते. मे फ्लॉवर मात्र वेगळा ठेवावा: त्याला हिवाळ्यात अजिबात पाणी नको असते आणि वरच्या आच्छादनाला ते द्यावेच लागते.